पांढऱ्या कपाळाचं पान

आमच्या गल्लीतली बायाक्का लई रागीट व्हती असं आजबी कोण म्हणालं, की मला त्या म्हणणाऱ्याचाच राग येतोय. रागीट काय! जितं सगळ्यांना राग यायला पायजे व्हता तितं कुणालाच आला न्हाय, म्हणून समद्या निपाणीच्या वाटणीचा राग तिला एकटीला करावा लागला. आता तुमी म्हणणार, आली ही परत सांगायला. आले तर आले. तुमचं काय उतू चाललंय चुलीवर? बसा.

बायाक्का मूळची सांबऱ्याची, बेळगावजवळच्या. तिच्या आईला कुठलीबी गोष्ट सरळ सांगताच यायची न्हाय. पीठ कितपत मळायचं? तर कानाच्या पाळीगत मऊ हुईस्तवर. चुलीत जाळ कसा ठेवायचा? तर रुसलेल्या म्हाताऱ्यागत, बोलायचं न्हाय खरं आतनं तापलेला पायजे. आमटीत मीठ किती? तर जावई सासरवाडीत हसतोय तेवढंच. शाळेची पायरी न चढता पोरगी ह्याच्यावरच शिकली. मोठी झाली तरी कोण काय सांगाय लागलं की हिचा पयला प्रश्न, "कशागत?" तेवढं कळलं की झालं, दुसऱ्यांदा सांगाय लागायचं न्हाय.

निपाणीच्या मष्णूला दिली. त्यो तंबाकूच्या गाड्या हाकायचा. तिला बैल हाकाय शिकवताना म्हणाला, "कासरा कसा धरायचा, तर रुसलेल्या बायकोचा हात धरल्यागत. लई आवळला तर हिसडा बसतोय, लई ढिला सोडला तर ती म्हायेरी जात्या." बायाक्का म्हणाली, "म्हंजे तुमाला बैलाचं कळतंय, बायकोचं न्हाय." असं त्यांचं चालायचं. हसरं घर व्हतं.

मग तवंदी घाटात भरल्या गाडीचं चाक निसटलं आणि मष्णू गाडीखाली सापडला. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि सासूनं सोप्यातली जागा काढून गोठ्याकडची दिली. गोठ्याकडची! बाईचं कपाळ पुसलं की तिची जागाबी पुसायची असा कायदा कुठल्या सरकारनं काढलाय कुणास ठावं. बायाक्कानं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी उठून वखारीत कामाला गेली.

वखार म्हंजे काय ते तरण्या पोरींना सांगाय पायजे. संक्रांत झाली की तंबाकूची कापणी व्हायची. पान शेतातच उन्हाला वाळायचं, जुड्या बांधून गाड्यांतनं वखारीत यायचं, आणि तितं बायका भुईवर रांगंनं बसून चांगलं पान एकीकडं, हलकं एकीकडं करायच्या. दाराला पोतं टांगलेलं, वारा न्हाय. तोंडाला पदर गुंडाळला तरी नाकात, घशात, डोळ्यांत तंबाकू. घरी जाऊन भाकरी खाल्ली तर तिलाबी तीच चव. असल्या कामाला नवरा असलेली बाई सुखासुखी येत न्हाय. म्हणून रांगेतल्या अर्ध्याच्या वर बायका कुंकू पुसलेल्या. ह्ये ध्यानात ठेवा, मला परत सांगाय लावू नका.

तितला मुकादम परशराम. त्येला शिकवाय येत न्हवतं असं मी म्हणणार न्हाय. मेल्याला लई चांगलं येत व्हतं, आणि त्येचाच तर मला राग हाय. बायाक्का आणि अजून चार नव्या बायका पयल्या दिवशी बसल्या. ह्येनं दोन पानं हातात घेतली.

"ह्ये बघा," म्हणाला, "ह्या पानावर तांबूस ठिपके हायत. पान शेतात चांगलं पिकलं म्हंजेच पडतात. कुंकू लावल्यागत दिसतंय न्हवं? ही सवाष्ण. हिला मानानं उजवीकडं ठेवायचं. आणि ह्ये दुसरं बघा. कोरं करकरीत. ठिपका न्हाय, काय न्हाय. ही पांढऱ्या कपाळाची. हिला डावीकडं टाकायचं, हलक्या मालात. कळलं?"

कळलं. न कळायला काय झालं? जे आयुष्यभर अंगावर गिरवून घेतलंय ते पानावर वाचायला किती येळ लागतोय? पयली जुडी संपायच्या आत नव्या बायकांचे हात चालाय लागले. सवाष्ण उजवीकडं, पांढरं कपाळ डावीकडं. ज्या बाया डावीकडं टाकत व्हत्या त्यांचीच कपाळं पांढरी. आणि कुणाला काय वाटलं न्हाय! दोघी-तिघी तर हसल्या.

बायाक्काचा हात काय उठला न्हाय.

"काय गं, कळलं न्हाय व्हय?" मुकादम.

"कळलं की. खरं अण्णा, पानाला कपाळ कुटं असतंय?"

"असतंय. बघ की नीट."

"मग नाक कुटं हाय त्येचं? दाखवा की."

"नाक असतं तर तुज्यागत वर करूनच आलं असतं," परशराम म्हणाला, आणि सगळी वखार हसली. "अगं, मी पानाला म्हणालोय. तुला कोण काय म्हणालंय?"

शेजारी रुक्माबाई बसलेली. वखारीत सगळ्यांत जुनी, तीबी कुंकू पुसलेलीच. तिनं बायाक्काचा पदर ओढला. "बस गं खाली. मी कवाची ऐकालोय. ऐकून ऐकून कानाला घट्टं पडतात. तुज्याबी पडतील."

"घट्टं हाताला पडूदेत, आक्का," बायाक्का म्हणाली. "कानाला कशाला पाडून घ्यायचे?"

खरं बसली. पोटासाठी बसली. आणि मग दिवसभर त्यो रांगेतनं फिरणार, आणि चांगल्या ढिगात एखादं कोरं पान दिसलं की वराडणार, "ए, सवाष्णींत पांढरं कपाळ घुसलंय बघ! काढ त्येला भाईर!" त्येनं असं वराडलं की रांगेतली डोकी खाली जायची. आपोआप. बोलावल्यागत. बायाक्का मला म्हणायची, "त्यो शिव्या देत असता तर मी उलट दिली असती गं. ह्यो शिकवतोय. शिकवणाऱ्याला काय उलट द्यायचं?" तिच्या डोक्यात एकच बसलं. ह्यो शबूद वखारीतनं घालवायचा. आणि आपण रुसून बसलो म्हणून जाणारा न्हवता त्यो शबूद. त्येनं काम हुईत व्हतं. मग त्येच्यापरीस चांगलं काम करणारं दुसरं कायतरी त्येच्या जागी बसवाय पायजे.

झालं. बाई दुसरी उपमा हुडकाय लागली. आधी म्हणाली, ठिपक्याचं पान म्हंजे पिकलेलं केळं. रुक्माबाई म्हणाली, "केळ्याला ठिपकं पडूस्तवर ते आमच्या घरात कवा ऱ्हायलंय?" मग म्हणाली, धुळीत वळवाचे थेंब पडल्यागत. तर एक म्हणाली, "मग धुळीचं पान कुठलं आणि थेंबाचं कुठलं?" एक दिवस तर म्हणाली, ठिपक्याचं पान म्हंजे बिबट्या. रांगेत बिबट्या बघितलेली एक बाई न्हाय. गल्लीत येऊन तिनं मला ते सांगितलं तवा म्या म्हटलं, "बायाक्का, तू आता मुंगसावर ये." तर माज्यावर तांब्या उगारला.

आणि मिळाली ती रुक्माबाईच्या तक्रारीतनं. दुपारी जेवायला बसल्यावर रुक्माबाईनं फडक्यातली भाकरी काढली आणि सुनेच्या नावानं सुरू झाली, "बघा, बघा माज्या सुनेचं काम! पांढरी फटक. एक डाग न्हाय कुटं. कच्चीच बांधल्या भवानीनं. डाग पडल्याबिगर भाकरी भाजती व्हय?"

बायाक्कानं हातातली भाकरी वर केली. जोंधळ्याची, तांबूस डाग पडलेली. दुसऱ्या हातात रुक्माबाईची घेतली. आणि एवढ्यांदा वराडली की बाहेर गाडीचं बैल बुजलं म्हणतात.

"डागाची भाजलेली! पांढरी कच्ची! आक्का, तुज्या सुनेचं त्वांड गोड करते मी!"

"आधी माजं कर की. दात पडाय लागलेत ह्येनं," रुक्माबाई म्हणाली.

पुढं परशराम माल ठरवायला खेड्यापाड्यांत गेला तवा नव्या बायका आल्या. त्यांना शिकवायचं काम जुनी म्हणून रुक्माबाईकडं, आणि रुक्माबाईनं ते बायाक्काकडं ढकललं. बायाक्कानं दोन पानं हातात घेतली. "भाजलेली भाकरी उजवीकडं. कच्ची डावीकडं." संपलं. नव्या बायकांत एक जयाबाई व्हती, नुकतंच लगीन झालेली, कपाळभर कुंकू, भाबडी. तिला तर पयल्या जुडीतच कळलं. रांगेतनं आवाज येऊ लागले, "ए, ही कच्ची हाय गं! सासू मारील!" बायका हसू लागल्या, खरं डोकी खाली न घालता. मुकादम परत आल्यावर त्येनं ऐकलं, नाक फेंदारलं, ढीग तपासले. चूक सापडंना. गप बसला. चूक सापडंस्तवर गप बसला असं म्हणा.

ती सापडली. आणि ती चूक भाकरी थापणाऱ्या बाईबिगर जगात कुणाला करताच आली नसती.

जयाबाईला वाईट वाटाय लागलं. एवढी भाकरी कच्ची म्हणून बाजूला टाकायची? घरात कच्ची निघाली तर आपण काय करतो? परत तव्यावर टाकतो. ही पोरगी दुपारी जेवणावरनं सगळ्यांच्या आधी उठून, डावीकडचा आख्खा ढीग पोत्यात भरून मागच्या अंगणात घेऊन गेली, आणि तापलेल्या फरशीवर उन्हात पसरून आली. भाजूदे म्हणाली! दोन-तीन दिवस कुणाला पत्ता न्हाय. पान आधीच वाळलेलं. ते उन्हानं असं कडकडीत झालं की हात लावला तर पापड. आणि ज्या दुपारी वखारीचे मालक अंगणात आले त्याच दुपारी वारा सुटला. पानाचा भुगा उठला तो सगळा मालकांच्या तोंडावर. पांढरं धोतर तपकिरी, टोपी एकीकडं, आणि शिंका! मालक शिंकतोय, दिवाणजी शिंकतोय, बैल शिंकतोय. हसा, हसा. मीबी हसलेय. आता गप बसा, म्होरचं हसण्यागत न्हाय.

मालक आत आले. जयाबाई पुढं येऊन उभी ऱ्हायली. "कुणी सांगितलं तुला वाळवायला?"

"कुणी न्हाय जी. कच्ची व्हती म्हणून... परत तव्यावर..."

परशराम मुकादमाला ह्येच पायजे व्हतं. पुढं आला आणि शांतपणे, कायबी न वराडता म्हणाला, "मालक, ह्ये बायाक्काचं शिकवणं. माज्या शिकवण्यात ही चूक कवा झाली असती का? पांढऱ्या कपाळाच्या बाईला परत कुंकू लावाय कोण जातंय? ती एकदा डावीकडं पडली की पडली. म्हणून माजं शिकवणं पक्कं."

बघा. बघा कसं बोलला. आणि खोटं बोलला न्हाय, ह्येच्यानं तर अंगाची लाही व्हते माज्या. त्येची उपमा भाकरीपरीस पक्की, कारण भाकरी परत तव्यावर जाती आणि बाई जात न्हाय! त्येवढं क्रूर हाय म्हणून त्येवढं सोपं हाय. मालकांनी मान हलवली. म्हणाले, "बायाक्का, भाकरी-बिकरी बंद. नव्या बायकांना तूच शिकवायचंस, खरं मुकादम सांगतोय तसंच. आत्ताच्या आत्ता म्हणून दाखव. न्हायतर घरी जा."

घरी म्हंजे कुटं, तर गोठ्याकडच्या जागंत. सगळ्यांना ठावं व्हतं.

बायाक्का उठली. आधी जयाबाईकडं वळली. "चूक तुजी न्हाय गं. कशागत ते मी सांगितलं, कुठवर ते सांगितलं न्हाय. आता ऐक. पानाचा तवा शेतात. तितं ते भाजायचं तेवढं भाजलं. वखारीत आलं म्हंजे ताटात आलं. ताटात आलेली कच्ची भाकरी आपण परत तव्यावर टाकतो का? का म्हशीला घालतो?"

"म्हशीला," जयाबाई रडत म्हणाली.

"मग ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल."

मग ती मुकादमाकडं वळली. तिचा आवाज चढला न्हाय. रुक्माबाई म्हणायची, तिचा आवाज चढला न्हाय तवा मला पयल्यांदा तिचं भ्या वाटलं.

"आता तुमची उपमा, मुकादम. माजी पुढं नेली तर चुकली म्हणालात. तुमचीबी पुढं नेऊन बघूया की. पांढरं कपाळ म्हंजे हलकं. डावीकडं टाकायचं. बरं. मग हलक्यांनी भारी पानाला हात कशाला लावायचा? बाटंल की तुमची सवाष्ण." आणि रांगेकडं बघून म्हणाली, "उठा गं पांढऱ्या कपाळाच्या. चला डावीकडं. मुकादमाचं शिकवणं पक्कं हाय, ते पक्कंच करूया. आणि तुमी मालक, उजवीकडच्या जेवढ्या उरतील तेवढ्यांकडनं दारातल्या गाड्या उतरवून घ्या."

पयल्यांदा कोण उठली? जयाबाई.

"तू बस गं," कोणतरी म्हणालं, "तुजं कपाळ भरलेलं हाय."

"असूदे की," ती म्हणाली. "पान मी वाळवलंय न्हवं."

मग एक उठली. मग दोघी. मग बसलेल्या जागा दिसाय लागल्या, तोंड उघडल्यावर पडलेले दात दिसतात तशा. सगळ्या उठल्या असं न्हाय, खोटं का सांगू? कोपऱ्यातल्या तिघी भुईकडं बघत बसून ऱ्हायल्या. त्यांची पोरं घरात, त्यांना मी बोलणार न्हाय. रुक्माबाई सगळ्यांत शेवटी.

"आक्का, तू?" मुकादम म्हणाला. त्येला खरंच नवल वाटलं. "तुजी तर एवढी वर्सं गेली ह्यात."

"वर्सं गेली म्हणूनच उठालोय. गुडघं धरलेत मेले. उभा काय ऱ्हायलास, हात दे," रुक्माबाई म्हणाली. आणि परशराम मुकादमानं, डावीकडं जायला, तिला हात दिला! द्यावाच लागला.

दारात भरलेल्या गाड्या उभ्या. पान उन्हात कडक व्हायला लागलेलं. मालक एकदा गाड्यांकडं बघतोय, एकदा रिकाम्या रांगेकडं. मालकाला बायकांची दया आली असं कोण सांगंल तर त्येच्या तोंडावर पाणी मारा. त्येला गाड्या दिसल्या. म्हणाला, "बरं बरं. काय भाकरी म्हणायची ती म्हणा. बसा खाली."

बायाक्का बसली न्हाय. "आमी म्हणून काय उपेग? आमी म्हणतच व्हतो. शिकवायचं काम मुकादमाचं. त्येनी म्हणायचं."

परशरामचं त्वांड बघाय पायजे व्हतं. मालकानं डोळं वटारलं तवा त्येनं दोन पानं उचलली. ठिपक्याचं वर धरलं. "ही... भाजलेली. उजवीकडं." कोरं वर धरलं. तोंडातनं जुना शबूद निघायच्या बेतात व्हता, ओठ तसेच झालेले. गिळला. "ही कच्ची. डावीकडं."

"कुठवर, मुकादम?" बायाक्का.

"काय कुठवर?"

"आताच सांगितलं की जयाला. शिकवताना अर्धं सोडायचं न्हाय."

त्यो दात खाऊन म्हणाला, "ताटात आल्यावर तव्याकडं बघायचं न्हाय."

मग बायका बसल्या आणि गाड्या उतरल्या.

तुमाला वाटंल, झालं, गोड झालं. काय गोड न्हाय. पुढं लढाईचं, स्वराज्याचं, रझाकाराचं काय काय झालं, निपाणीत वखारी वाढल्या, बायाक्का तितंच बसून म्हातारी झाली, ठसका लागला तिला तंबाकूचा. कुणाला कायबी शिकवायची तर कशागत सांगितल्यावर बोट वर करून म्हणायची, "आणि कुठवर?" तिच्या वखारीत त्यो शबूद परत आला न्हाय. खरं भिंतीच्या पलीकडं दुसरी वखार. दारावरचं पोतं वाऱ्यानं हाललं की तितल्या मुकादमाचं वराडणं ऐकू यायचं, ए, सवाष्णींत पांढरं कपाळ घुसलंय. ते ऐकलं की बायाक्का हातातली जुडी भुईवर आपटायची, ठसका आवरायची, आणि त्या भिंतीकडं त्वांड करून, भिंतीला ऐकू जाईल एवढ्यांदा वराडायची, "भाजलेली भाकरी म्हण, मुडद्या! भाकरी म्हण!"